बो वर करायचा नाही

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर आमची खोली होती. मी व्हायोला घेऊन बसले की शेजारच्या शकूमावशी भिंतीवर लाटणं आपटायच्या. "अगं ए करुणा, कोण गेलं का तुमच्याकडे?" असं ओरडायच्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं. व्हायोलिनच्या आवाजाला निदान सिनेमामुळे लोक सरावलेले असतात, पण व्हायोला म्हणजे त्याची थोरली बहीण, अंगानं मोठी आणि आवाजानं घोगरी, आणि शिकाऊ माणसाच्या हातात ती खरंच रडते. आमच्या खोलीत पहाटे पाचपासून आवाजच आवाज. पाण्याच्या रांगेतल्या हंड्यांचे, स्टोव्हचे, वरच्या आळीतल्या रेडिओचे, आईच्या भाकरी थापण्याचे. त्यात माझा एक. आई तव्यावर सुकट परतत असायची आणि मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून सूर घोटायचे. माझ्या केसांना, वाद्याला आणि वाद्याच्या पेटीतल्या हिरव्या मखमलीलाही सुकटीचा वास यायचा. त्या मखमलीचा वास आता गेलाय. मला कधीकधी त्याचं वाईट वाटतं.

हे वाद्य आमच्या घरात आलं ते एका मोडलेल्या मनगटामुळे. बाबा म्युनिसिपल हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. एक दिवस मरोळ गावठाणातले एक गृहस्थ डावं मनगट मोडून आले, आणि फोटो काढताना एकच प्रश्न विचारत राहिले, "बोटं चालतील ना? पयलं ते सांगा." बाबांनी विचारलं, तुम्ही करता काय? तर म्हणाले, गोरेगावच्या स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यांना व्हायोलिन वाजवतो, चाळीस वर्षं झाली. बाबांनी फोटो उजेडाला धरला, बघितला आणि म्हणाले, "चालतील. करंगळी जरा त्रास देईल. माझ्या पोरीला शिकवाल का?" हे असं. ना ओळख ना पाळख. ते गृहस्थ म्हणजे लेस्ली मास्तर. हाताला प्लास्टर असतानाच त्यांनी माझी पहिली शिकवणी घेतली. व्हायोलिन तर सगळेच वाजवतात, व्हायोलाला माणूस मिळत नाय, असं म्हणून वारलेल्या एका मित्राचं वाद्य त्यांनी माझ्या गळ्यात अडकवलं.

नातेवाइकांनी बाबांना कमी छळलं नाही. वाजवायचंच तर पेटी शिकव, निदान बुद्धवंदनेला उपयोग होईल, हे इंग्रजांचं काय खूळ? बाबा तसे शांत, पण या विषयावर त्यांचा आवाज चढायचा. "माझ्या आज्याला गावात कधी वाजवायचं आणि कुणाच्या दारात वाजवायचं, ते दुसरे सांगायचे. आम्ही ते वाजवणं सोडलं, गावही सोडलं. आता माझी पोरगी तिला पाहिजे ते वाजवील. कुणी सांगायचं काम नाही." बाबांची ही शेवटची दोन वाक्यं मी आयुष्यभर वापरली, आणि कुठे कुठे वापरली ते सांगायला बसले तर वेगळं पुस्तक होईल.

आठवड्यातून तीन दिवस मी बसने मरोळला जायचे. आता मेट्रोत बसलं की घाटकोपरहून अंधेरी कधी येते कळत नाही. तेव्हा साकीनाक्याला बस अडकली की माणूस एक झोप काढून उठायचा. मास्तरांचं घर म्हणजे गावठाणातलं कौलारू, पुढे ओटा आणि ओट्यावर नेहमी काहीतरी वाळत घातलेलं. मिरच्या नाहीतर बोंबील. आंटी, म्हणजे मास्तरांची बायको, मी आले की आधी खायला घालायच्या. गरम फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, आणि लालभडक रस्सा. त्यांची मुलगी ब्लँच माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, तीही व्हायोलिन वाजवायची आणि माझ्यावर दादागिरी करायची. पार्ल्याचे बापटकाका बँकेतून निवृत्त होऊन चेलो घेऊन यायचे, स्वतःच्या स्कूटरवर मागे बांधून, अर्धं पार्लं त्यांना हसायचं. असे आम्ही चौघे. मास्तर पहिलं व्हायोलिन, ब्लँच दुसरं, मी व्हायोला, काका चेलो. वाजवायचो काय, तर दोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात बसून कुणा उमरावासाठी लिहिलेलं चौघांचं संगीत. त्या संगीताच्या छापील वहीच्या मुखपृष्ठावर संगीतकाराचं चित्र होतं, केसांचा टोप घातलेलं, आणि आंटी त्याला नुसतं 'तो म्हातारा' म्हणायच्या. "आज म्हाताऱ्याचा किती झाला?" असं विचारायच्या.

मास्तरांचे दोन नियम होते. एक, कुठलाही तुकडा वाजवायच्या आधी चौघांच्याही ओळी हाताने उतरवून काढायच्या. फक्त आपली नाही, चारही. "बाजूवाल्याचं काय चाललंय ते ठावं नसेल तर आपलं वाजवू नये," असं म्हणायचे. माझी बोटं शाईने निळी असायची. दुसरा नियम स्टुडिओतला. तिथे पन्नास-साठ वादक एकदम वाजवतात, एकाची चूक झाली तर सगळं परत. मग ज्याची चूक झाली त्याने ताबडतोब आपला बो, म्हणजे गज, वर करायचा. कुणाला ऐकू आली नसली तरी. लपवून वाजवत राहणारा माणूस स्टुडिओत बदनाम व्हायचा, आणि बो वर करणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. चाळीस वर्षांत मास्तरांनी एकही चूक लपवली नव्हती, आणि हे सांगताना ते एवढे ताठ बसायचे की बस. आमच्याही अंगात ते इतकं भिनलं होतं की बोट घसरलं की हात आपोआप वर जायचा.

एवढी गाणी वाजवलेल्या या माणसाचं नाव मात्र कुठल्याही रेकॉर्डच्या पाठीवर नव्हतं. गायकाचं असायचं, संगीतकाराचं असायचं, वादक म्हणजे नुसतं 'वाद्यवृंद'. मास्तर ते हसून सांगायचे, पण मला ते हसणं कधी पटलं नाही. टाऊनमध्ये, म्हणजे दक्षिण मुंबईत, पाश्चात्त्य संगीताची एक सोसायटी होती, तिचा लाकडी भिंतींचा जुना हॉल होता. मास्तर तरुणपणापासून तिथे वरच्या गॅलरीत बसून कार्यक्रम ऐकत आलेले. छापील कार्यक्रमपत्रिका जपून ठेवायचे. एकदा त्या हॉलमध्ये वाजवायचं आणि त्या पत्रिकेत आपलं नाव छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा. एवढीशी! आणि त्या वर्षी सोसायटीने जाहीर केलं की उपनगरांतल्या वादकांच्या चौकडींपैकी एकीला हिवाळ्यातल्या कार्यक्रमांत संधी मिळेल. टेप पाठवायची. अट एकच, टेपमध्ये कापाकापी नको, प्रत्येक भाग सलग वाजवलेला हवा.

मी त्याआधी एकदा त्यांच्या तरुणांच्या वाद्यवृंदासाठी चाचणी द्यायला गेले होते. सेक्रेटरीबाईंनी माझं वाजवणं अर्ध्यात थांबवलं होतं. गुरू कोण? सिनेमाच्या लाइनीतले? मग ती सवय जात नाही हो. आणि घाटकोपर? तुमच्या लोकांचं पण काहीतरी छान संगीत असेल ना, ते का नाही शिकत? सगळं इंग्रजीत, सगळं हसत. मी घरी येईपर्यंत रडले नाही. घरी आल्यावर भांडी घासताना रडले आणि एक पातेलं चेपवलं. ते पातेलं आईने नंतर कित्येक वर्षं वापरलं. तेव्हा ही टेप मला कशी करायची होती, ते सांगायला नको.

स्टुडिओ भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती. गावठाणातल्या चर्चचा हॉल फादरनी दिला. गोरेगावच्या स्टुडिओतला सलीम सुट्टीच्या दिवशी मशीन आणि दोन माइक घेऊन यायला तयार झाला. पण मरोळ म्हणजे विमानतळाच्या उशालाच. दर पाच मिनिटांनी डोक्यावरून विमान, इतकं खाली की कपबशा खडखडायच्या. आमचा सगळ्यात संथ भाग सात मिनिटांचा. हिशेब जमेना. तेवढ्यात बापटकाका पेपर नाचवत आले. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी काही दिवस अकरा ते पाच विमानं बंद! आम्ही वेडे झालो आनंदाने. फक्त एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही, की ते दिवस मसाल्याचे होते.

सकाळी अकराला आम्ही हॉलमध्ये सूर लावून बसलो. आभाळ गप्प झालं. इतकं गप्प गावठाण मी कधी ऐकलं नव्हतं. सलीमने मशीन सुरू केलं, मास्तरांनी श्वास घेतला, आणि खिडकीबाहेर धप्प! धप्प! धप्प! आंटींचा वर्षाचा बाटली मसाला कुटायला बायका आल्या होत्या. तिघी जणी, लांब लांब मुसळं, गाणी म्हणत. ब्लँच धावत गेली. आंटी म्हणाल्या, "मिरच्या भाजलेल्या हायत, आता थांबवल्या तर मऊ पडतील. तुमचा म्हातारा दोनशे वर्सं थांबलाय, अजून जरा थांबंल." शेवटी बाबा मध्ये पडले. ते मला सोडायला म्हणून आले होते आणि आईने दिलेला डबा घेऊन ओट्यावर बसले होते. त्यांनी तोड काढली. वाजवणं सुरू झालं की ते खिडकीत उभे राहून फडकं धरतील. फडकं दिसलं की मुसळ थांबेल, खाली गेलं की कुटा. स्टुडिओच्या लाल दिव्यासारखं. ब्लँच म्हणाली, "अंकल, लाल काहीतरी बघते." बाबांनी गळ्यातला पंचा काढला. "लाल कशाला? हा निळा आहे की. निळा दिसला की गप्प." त्या दिवशी दुपारभर मरोळ गावठाण बाबांच्या निळ्या पंचावर चाललं. बाबा तिथे असे उभे होते की जणू झेंडावंदन. मिरच्यांचा खाट नाकात जात होता, बापटकाका शिंका दाबत होते, आणि तीन वाजेपर्यंत तीन भाग झकास झाले.

राहिला तो संथ भाग. त्यात पहिलं व्हायोलिन गातं, चेलो खाली तारा छेडतो, आणि ब्लँच आणि मी एकेक सूर चार-चारदा, हळू, सात मिनिटं. ऐकणाऱ्याला आम्ही दोघी कळतही नाही, पण आम्ही थांबलो तर गाणाऱ्याच्या पायाखालची जमीनच जाते. पहिल्या खेपेला काकांची खुर्ची करकरली. दुसऱ्या खेपेला पाचव्या मिनिटाला माझं बोट केसभर सरकलं आणि माझा बो वर गेला. सगळे थांबले. सलीम कानावरचे हेडफोन काढून म्हणाला, "क्या हुआ? मला तर काहीच ऐकू नाही आलं." मास्तर म्हणाले, "तिला आलं. बरोबर केलंस, बाय." तिसऱ्या खेपेला परत तेच, सहाव्या मिनिटाला, परत मी. यावेळी ब्लँच उखडली. "डॅडी, हे स्टुडिओ नाय! इथे सलग पाहिजे! हिने हात वर केला की आमची वाट लागते!" मास्तर शांतपणे म्हणाले, "चूक ती चूक." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. घड्याळात साडेचार वाजून गेले होते. पाचला पहिलं विमान. फार तर एक खेप.

बाबांनी पंचा वर धरला. मुसळं थांबली. आम्ही सुरू केलं, आणि काय सांगू, मास्तर त्या दिवशी गायले. मी त्यांना इतकं वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षं साठ जणांच्या गर्दीत आपला आवाज लपवलेला माणूस एकटा बोलत होता. मी माझे चार-चार सूर मोजत होते. मग पाचवं मिनिट संपता संपता सुरावट वर चढते, तिथे सगळ्यात उंच सुराला करंगळी लागते. बाबांनी सांगितलं होतं तीच करंगळी. ती आली नाही. सूर चिरकला, तुटला, आणि मला दिसलं की मास्तरांचा बो तारेवरून उठतोय. वर जातोय.

मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार करायला वेळ नव्हता. त्यांची ओळ मी स्वतःच्या हाताने उतरवली होती, मला ती झोपेतही येत होती. मी माझे चार-चार सूर टाकले आणि त्यांची सुरावट उचलली, माझ्या घोगऱ्या आवाजात, एक सप्तक खाली, जिथे त्यांनी सोडली तिथून. जोरात. आणि मास्तरांकडे डोळे वटारून बघितलं. गुरूकडे असं बघतात का? बघितलं मी. खबरदार थांबलात तर, असं बघितलं. त्यांचा बो हवेत होता. ब्लँचने मान वर केली नाही, ती तिचे सूर घट्ट धरून बसली. काका डोळे मिटून तारा छेडत राहिले. दोन ओळी मी वाजवल्या. तिसऱ्या ओळीला मास्तरांनी बो तारेवर टेकवला आणि आत आले. मी परत माझ्या चार-चार सुरांवर गेले. शेवटपर्यंत गेलो. शेवटचा सूर विरला आणि सलीमने बोट वर केलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

मास्तर माझ्यावर भडकले. "माझ्या लाइनीत घुसलीस? मी बो वर केला होता. तुला दिसला नाय?"

"दिसला."

"मग?"

"मग काय? मला थांबायचं नव्हतं!" मी ओरडलेच. "तुमचं नाव छापायचंय मला त्या पत्रिकेत! चूक चूक काय करत बसलाय?" बाबा खिडकीत पंचा धरून तसेच उभे. मास्तरांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि हात धुवायला निघून गेले. आंटींनी बाहेरून विचारलं, "काय, झाला का म्हातारा?" मग आम्ही आईच्या डब्यातली भाकरी आणि बोंबलाची चटणी खाल्ली. मास्तरांनीही खाल्ली, माझ्याकडे न बघता.

महिन्याभराने सोसायटीचं बोलावणं आलं, आणि ते फक्त मला. त्याच सेक्रेटरीबाई, तेच हसू. टेप समोर होती आणि छापील वही उघडी. म्हणाल्या, संथ भागात इथे व्हायोलाला ही ओळ नाही. पहिल्या व्हायोलिनची मोठी चूक झालेली दिसते आणि ती तू झाकलीस. झाकलीस मात्र उत्तम. तुझ्या हातात आवाज आहे. आमच्याकडे एक चांगला पहिला वादक आहे, त्याला घेऊन तुम्ही तिघे हिवाळ्यात वाजवा. ते तुमचे वयस्कर गृहस्थ, त्यांना तू समजावून सांग.

खोटं कशाला सांगू, एक क्षण मला ते हवं झालं. तो हॉल, त्या लाकडी भिंती, पत्रिकेत माझं नाव, आणि ते नेऊन असल्फ्याच्या सगळ्या टेकडीला दाखवणं. बाईंनी वहीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "चूक कुणाची होती, त्यांचीच ना?"

मी म्हटलं, "ती ओळ माझी आहे. मी वाजवली, मुद्दाम वाजवली. आणि परत वाजवायला सांगाल तर परत तश्शीच वाजवीन."

"मुद्दाम ओळी बदलल्या असतील तर टेप बाद," त्या म्हणाल्या.

"करा." मी टेप उचलली आणि निघाले. दारात पोहोचल्यावर आठवलं म्हणून वळले. "आणि बाई, आमच्या लोकांचं संगीत कुठलं ते आम्ही ठरवू. कुणी सांगायचं काम नाही." जिना उतरले ती ताठ.

मास्तर ओट्यावर वाट बघत बसले होते. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी वाळत घातलेल्या मिरच्या उलथवायला घेतल्या. मग म्हणाले, "गेली असतीस तर मी काय बोललो नसतो." मी म्हटलं, मला माहीत आहे, म्हणूनच नाही गेले. त्यांनी नाक पुसलं. मिरच्यांमुळे, असं म्हणाले.

त्या हिवाळ्यात आम्ही चर्चच्या त्याच हॉलमध्ये कार्यक्रम केला. ब्लँचने पत्रिका छापून आणल्या, बापटकाकांनी प्रूफं तपासली. सगळ्यात वर मास्तरांचं पूर्ण नाव, आडनावासकट, जाड ठशात. अर्धं गावठाण आलं, टेकडीवरून शकूमावशींसकट बस भरून माणसं आली. आई पहिल्या रांगेत बसली, नवी साडी नेसून. धावपट्टी कधीच सुरू झाली होती. बाबांनी विचारलं, पंचा आणू का? मास्तर म्हणाले, "विमानाला कोण दाखवणार?"

संथ भागाच्या पहिल्याच मिनिटाला विमान आलं. खिडक्या थरथरल्या, मला माझाच सूर ऐकू येईना. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे वटारले, अगदी मी वटारले होते तसे. उंच सुराशी आल्यावर त्यांनी आपणहून व्हायोलिन मांडीवर टेकवलं आणि मला मान हलवून खूण केली. त्या दोन ओळी मी वाजवल्या. पुढचं विमान डोक्यावर आलं, आणि कुणीही बो वर केला नाही.